मुलीचा कणा वाकतोय, तर मेंदूचा एमआरआय करावा का?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. पाळी सुरू होऊन चार महिने झालेत. पोहण्याच्या क्लासमध्ये बाईंच्या लक्षात आलं की हिचा एक खांदा वर दिसतोय. एक्स-रे काढला तेव्हा छातीच्या मणक्यांत उजवीकडे २७ अंशांचा बाक निघाला. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक पट्टा, सांगितला आहे. पण नात्यातल्या कुणीतरी ‘स्कोलिओसिसचं, म्हणजे कण्याच्या अशा बाकाचं, मूळ मेंदूत असतं, परदेशात एमआरआयवर सिद्ध झालंय’ असं सांगितलं आणि तेव्हापासून आईची झोप उडाली आहे. मेंदूचा एमआरआय करावा का, मेंदूवर उपचार केले तर ब्रेस टळेल का, असं त्या विचारतात.

ताई, मी रेडिओलॉजिस्ट आहे. गेली तेवीस वर्षं मेंदूचे आणि मणक्याचे एमआरआय वाचते. तुमची झोप ज्यावर अडली आहे त्याचं उत्तर आधी देऊन टाकते. तुम्ही लिहिलं आहे त्यावरून तरी मेंदूचा एमआरआय करायचं कारण मला दिसत नाही. आणि मेंदूवर उपचार करून तुमच्या मुलीसारखा बाक थांबवता येईल, असा उपचार आज नाही. पण नातेवाइकांनी सांगितलं ती निव्वळ थापही नाही. त्यात खरं किती हे नीट कळलं तर पुढच्या वेळी डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं तेही कळेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धडधाकट मुलीचा कणा ऐन वाढीच्या वयात बाजूला झुकतो आणि सोबत स्वतःभोवती पिळला जातो, त्याला आम्ही ‘इडिओपॅथिक’ स्कोलिओसिस म्हणतो. इडिओपॅथिक म्हणजे कारण न सापडलेला. शंभरात दोन-तीन मुलांना १० अंशांहून मोठा बाक असतो. लहान बाकांत मुलगे आणि मुली जवळपास सारखेच. ३० अंशांच्या पुढे गेलेल्यांत मात्र एका मुलामागे साधारण दहा मुली. दप्तर जड होतं, ती वाकून अभ्यास करायची, मोबाइल बघायची, यांतल्या कशानेही हा बाक येत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण माझ्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक आई ‘सरळ बस’ म्हणून म्हणून दमलेली असते, आणि मुलगी ते ऐकून ऐकून.

मेंदूवर संशय यायला जुनं आणि सरळ कारण आहे. ज्या मुलांच्या मज्जासंस्थेला उघड इजा झालेली असते, म्हणजे पोलिओ, सेरेब्रल पाल्सी, मज्जारज्जूत पाण्याची पोकळी, त्यांच्यात कणा वाकताना डॉक्टरांनी कायम पाहिला आहे. मग उघड इजेने वाकतो, तर सहज न दिसणाऱ्या एखाद्या फरकानेही वाकत असेल का? कण्याला सरळ धरणारे स्नायू दोन्ही बाजूंनी सतत ताणले जात असतात, आणि कोणत्या बाजूला किती ताण द्यायचा हे वरून ठरतं. आतल्या कानातून, डोळ्यांतून, तळपायांतून, सांध्यांतून खबर जाते, मेंदू ती जुळवतो आणि खाली हुकूम सोडतो. या साखळीत कुठे डाव्या-उजव्याचा हिशेब चुकला, आणि तोही उंची झपाट्याने वाढण्याच्या वर्षा-दोन वर्षांत, तर कणा एका बाजूला कलू शकेल, असा हा तर्क.

तर्काला बळ देणारा एक दुर्मीळ आजार आहे. मी माझ्या कारकिर्दीत त्याची दोनच मुलं पाहिली. त्यांचे डोळे डावी-उजवीकडे फिरत नाहीत. बाजूला बघायचं तर अख्खी मान वळवावी लागते. कणा लहानपणापासूनच वाकत जातो. २००४ मध्ये त्याचं कारण सापडलं: रोबो-३ नावाच्या जनुकात बिघाड. मेंदूच्या देठात जे मज्जातंतू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ओलांडून जायला हवेत, ते ओलांडतच नाहीत. एमआरआयवर देठाच्या मागच्या अंगाला मधोमध एक चीर दिसते, आणि खालचा भाग आडवा कापून पाहिला तर फुलपाखराच्या आकाराचा. एकदा पाहिलेलं हे चित्र विसरता येत नाही. इथे मेंदूची घडण आणि कण्याचा बाक यांचं नातं उघड्या डोळ्यांनी दिसतं. पण तुमच्या मुलीचे डोळे फिरतात, तिचा आजार तो नव्हे.

दुसरा आधार बेडकांचा. झेनोपस नावाचा आफ्रिकेतला बेडूक आहे, आयुष्यभर पाण्यातच राहणारा. तो टॅडपोल असताना एका बाजूचा आतला कान काढून टाकला, तर मोठा झाल्यावर त्याच्या सांगाड्यात स्कोलिओसिससारखा बाक येतो, हे पॅरिस आणि म्युनिकच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं. एका कानाची खबर बंद झाली, स्नायूंचा ताण दोन्हीकडे असमान झाला, आणि कोवळा सांगाडा त्या ताणाप्रमाणे वाढत गेला. पाण्यात तरंगणाऱ्या प्राण्याला जमिनीचा आधार नसतो, त्यामुळे पायांकडून दुरुस्ती होत नाही. माणसाच्या मुलीला तो आधार असतो, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा तिला लावता येत नाही.

आता एमआरआयकडे येते. या विषयावरचं सर्वांत चिकाटीचं काम हाँगकाँगमध्ये झालं आहे. तिथे १९९५ पासून शाळकरी मुलांची कण्याची तपासणी होते, त्यामुळे बाक असलेल्या मुली वेळेवर सापडतात. चायनीज युनिव्हर्सिटी ऑफ हाँगकाँगमधले ऑर्थोपेडिक सर्जन जॅक चेंग, रेडिओलॉजिस्ट विनी चू आणि त्यांचे सहकारी यांनी या मुलींचा मेंदू, मज्जारज्जू आणि आतला कान वर्षानुवर्षं मोजला. त्यांनी आधी पाहिला मेंदूचा तळ. लहान मेंदूची खालची टोकं कवटीच्या भोकापाशी किती खाली उतरली आहेत ते त्यांनी मोजलं, तर मोठा बाक असलेल्या मुलींमध्ये ती खाली आलेली जास्त वेळा दिसली. मग २००६ मध्ये त्यांनी मज्जारज्जूची लांबी कण्याच्या लांबीशी ताडून पाहिली. मोठ्या बाकांत कणा वाढला होता, रज्जू त्या मानाने वाढलेला नव्हता. पायजम्याची नाडी आखूड पडली की कमरेला चुण्या पडतात ना, तसं हे असावं अशी एक कल्पना आहे: रज्जू खेचून धरतो, आणि पुढच्या बाजूने वाढणाऱ्या कण्याला सरळ राहायला जागा उरत नाही. मला ही कल्पना आजही बाकीच्यांपेक्षा जवळची वाटते, कारण वाढीच्या झपाट्यातच बाक का वाढतो याचं उत्तर तिच्यात आहे. पण ती कल्पनाच आहे.

२०११ मध्ये त्यांनी आतला कान मोजला. तिथे एकमेकींना काटकोनात बसवलेल्या तीन अर्धगोल नलिका असतात, एकेक तुरीच्या दाण्याएवढी. आत पाणी असल्यामुळे विशिष्ट एमआरआयमध्ये त्या काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या कड्यांसारख्या चमकतात. डोकं कुठल्या दिशेला फिरलं हे मेंदूला याच सांगतात. उजवीकडे बाक असलेल्या मुलींमध्ये डाव्या कानातल्या नलिकांची एकमेकींशी असलेली मांडणी, म्हणजे मधलं अंतर आणि कोन, निरोगी मुलींपेक्षा थोडी वेगळी आढळली. मिलीमीटरच्याही अंशातला फरक आहे हा. नुसत्या डोळ्यांनी कुणालाही दिसणार नाही, मलाही नाही. संगणकाने शेकडो बिंदू मोजले तेव्हा तो दिसला. ही नलिका जन्माआधीच पूर्ण आकाराची होते आणि नंतर कणा वाकला म्हणून तिचा आकार बदलत नाही, म्हणून मी या निष्कर्षाला जास्त वजन देते. अडचण एवढीच की तपासलेल्या मुली फार थोड्या होत्या.

त्याच चमूने मेंदूची साल, म्हणजे कॉर्टेक्स, मोजली. जाडी दोन ते चार मिलीमीटर. पौगंडावस्थेत ही साल हळूहळू पातळ होत जाते. ऐकायला वाईट वाटतं, पण ते चांगलं असतं. माळी फांद्या छाटतो तशी मेंदू नको असलेली जोडणी छाटतो. २०१२ च्या त्यांच्या अभ्यासात स्कोलिओसिस असलेल्या मुलींमध्ये वयाप्रमाणे होणाऱ्या या पातळ होण्याचा नकाशा निरोगी मुलींपेक्षा वेगळा निघाला. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी आणखी वेगळा प्रयोग केला: मुलांना एमआरआयच्या बोगद्यात झोपवून हाताची मूठ उघड-मीट करायला सांगितली, आणि त्या वेळी मेंदूचा कोणता भाग किती काम करतो ते पाहिलं. स्कोलिओसिस असलेल्यांमध्ये हालचालीची आखणी करणारा एक भाग जास्त जोरात काम करत होता. हाताचा कण्याशी थेट संबंध नाही, म्हणूनच हा निकाल विचार करायला लावतो. शिवाय मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा जो जाड पूल आहे, कॉर्पस कॅलोझम, त्याच्या तंतूंतही काही अभ्यासांत फरक दिसला आहे.

इथवर वाचून ‘मग सिद्धच झालं की’ असं तुम्हाला वाटेल. नाही झालं.

हे सगळे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. समजा, दोन शाळांमधल्या आठवीच्या मुलींची सरासरी उंची मोजली आणि एका शाळेची सरासरी एक सेंटीमीटर जास्त भरली. फरक खरा असेल. पण रस्त्यात एक मुलगी भेटली, तर तिच्या उंचीवरून ती कुठल्या शाळेची हे कोणी सांगू शकेल का? तुमच्या मुलीच्या मेंदूचा एमआरआय माझ्यासमोर ठेवला तर माझी अवस्था तीच होईल. साल पातळ आहे की जाड, नलिकेचा कोन किती, यावरून तिचा बाक का आला किंवा वाढेल का, हे मीच काय, हाँगकाँगमधलं कुणीही सांगू शकणार नाही. त्यात बरेचसे अभ्यास वीस-तीस मुलींचे, आणि एकात दिसलेली जागा दुसऱ्यात दिसतेच असं नाही.

त्याहून अवघड पेच म्हणजे आधी काय झालं? स्कॅन झाला तेव्हा त्या मुलींचा कणा वाकून वर्ष-दोन वर्षं होऊन गेली होती. वाकडा कणा सावरून चालताना, बसताना, आरशात बघून खांदा खाली घेताना मेंदू रोज नवीन शिकत असतो, आणि त्या वयातला मेंदू फार लवकर बदलतो. म्हणजे सालीतला फरक बाकाचं कारण असेल, तसाच परिणामही असू शकेल. याचा निकाल लावायचा तर बाक येण्याआधी स्कॅन हवा. नऊ वर्षांच्या हजार मुलींचे एमआरआय काढून पाच-सहा वर्षं थांबलं, तर त्यांतल्या वीस-तीस जणींना बाक येईल, आणि ब्रेस लागेल इतका जेमतेम दोन-चार जणींना. एवढ्या संख्येवर काही सिद्ध होत नाही. म्हणून मला वाटतं, आधीच बाक असलेल्या मुलींच्या धाकट्या बहिणींपासून सुरुवात करावी. कुटुंबात स्कोलिओसिस असेल तर शक्यता वाढते, आणि त्या घरातले पालक दर वर्षी येतातही. कुणी असा अभ्यास हाती घेतला तर स्कॅन वाचायला मी विनामोबदला बसेन.

आता ज्या एमआरआयचा तुमच्याशी खरंच संबंध येऊ शकतो त्याबद्दल. तो मेंदूचा नसून पूर्ण मणक्याचा असतो, कवटी आणि मानेच्या जोडापासून माकडहाडापर्यंत. काही मुलांमध्ये लहान मेंदूचं टोक मानेत उतरलेलं असतं, त्याला कियारी म्हणतात, आणि त्याच्यामुळे मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार होते. बाहेरून बाक अगदी इडिओपॅथिकसारखाच दिसतो. म्हणून काही खुणा दिसल्या की हा एमआरआय करायलाच हवा: छातीतला बाक डावीकडे असेल, दहा वर्षांच्या आत सुरू झाला असेल, फार झपाट्याने वाढत असेल, खोकल्यावर किंवा शिंकल्यावर डोकं दुखत असेल, रात्री पाठदुखीने जाग येत असेल, एका पायाची कमान उंच झाली असेल, हातापायात बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल. उजवा बाक हा नेहमीचा. तुमच्या मुलीचा उजवाच आहे.

हे मी किंमत मोजून शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत अकरा वर्षांचा एक मुलगा आला होता, डावीकडे बाक. पैसे वाचावेत म्हणून फक्त पाठीच्या मधल्या भागाचा एमआरआय सांगितलेला होता. फिल्म मानेच्या खालीच संपत होती. मी दिसलं तेवढं पाहिलं आणि ‘नॉर्मल’ असं लिहिलं. आठ महिन्यांनी त्याचा हात चहाच्या गरम पातेल्याला लागून भाजला, आणि त्याला ते कळलंच नाही. कातडी लाल झालेली आईने पाहिली. मानेच्या रज्जूत पोकळी होती, माझ्या फिल्मच्या जरा वर. तेव्हापासून अर्धवट मागवलेला मणका आला की मी स्वतः फोन करून पूर्ण करून घेते. त्या मुलाच्या कवटीच्या तळाशी ऑपरेशन झालं. कियारीसारखं खरं कारण सापडतं तेव्हा डोक्याकडच्या उपचाराला अर्थ असतो, आणि लहान वयात काहींचा बाक त्यानंतर थांबतोही.

एक तपासणी मात्र तुमच्या मुलीची झाली आहे का ते विचारा. दोन मिनिटांची आहे, पैसे लागत नाहीत. तिला उताणं झोपवून, पोट सैल सोडायला सांगून, बेंबीच्या चारही बाजूंना बोथट काडीने बाहेरून आत हलकेच रेघ ओढतात. निरोगी पोट दचकतं आणि बेंबी रेघ ओढलेल्या बाजूला किंचित ओढली जाते. दोन्हीकडे सारखी ओढली गेली तर ठीक. एका बाजूला ओढली जाते आणि दुसऱ्या बाजूला पोट गप्प राहतं, असं झालं तर मात्र एमआरआय हवा. फॉर्मवर ‘डावीकडे अ‍ॅब्डॉमिनल रिफ्लेक्स नाही’ ही ओळ दिसली की मी खुर्चीत सावरून बसते.

‘करून टाकू, निदान मन तरी शांत होईल’ म्हणून मेंदूचा एमआरआय करू नका. एमआरआयमध्ये किरणं नसतात, त्या अर्थाने तो निरुपद्रवी. पण निरोगी मुलांच्या मेंदूत छोटी गाठ म्हणावी अशी पाण्याची पुटकुळी, एखादा जन्मजात पांढरा ठिपका, असं काहीबाही सापडत राहतं. त्याचा कण्याशी काही संबंध नसतो. तरी रिपोर्टमध्ये ते लिहावं लागतं, मग न्यूरॉलॉजिस्ट, मग सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन, आणि आईची झोप पुन्हा गेलेली. आणि ‘ब्रेन ट्रेनिंगने कणा सरळ करतो’ असं सांगून कुणी पॅकेज विकत असेल, तर वर सांगितलेल्या एकाही अभ्यासाने तसं म्हटलेलं नाही.

ब्रेसबद्दल पुरावा चांगला आहे. अमेरिका आणि कॅनडात २४२ मुलांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाढ संपेपर्यंत बाक ५० अंशांच्या आत राहिला, असं ब्रेस वापरणाऱ्यांत ७२ टक्के मुलांचं झालं आणि न वापरणाऱ्यांत ४८ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला. ब्रेसमध्ये बसवलेल्या तापमापकाने खरे तास मोजले होते, मुलांच्या तोंडी सांगण्यावर भरवसा ठेवला नव्हता. रोज सरासरी तेरा तासांच्या वर वापरणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांचा बाक ५० अंशांच्या आत राहिला. तुमच्या मुलीचं वय, पाळीला झालेले चार महिने, २७ अंश, हे सगळं ब्रेससाठी नेमक्या वेळेत बसतं. उद्या सुरू करता येत असेल तर परवावर ढकलू नका. सोबत स्कोलिओसिससाठीचे व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट मिळाली तर उत्तम. ते व्यायाम म्हणजे आरशासमोर स्वतःचा कणा ओळखून सावरायला शिकणं, आणि शिकणारा तर मेंदूच असतो.

आता तिच्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की तिने हे सगळं ऐकलं आणि ‘म्हणजे माझ्या मेंदूतच फॉल्ट आहे का?’ असं विचारलं. ताई, या प्रश्नाचं उत्तर तिला आजच द्या, मी लिहिलेलं दाखवून द्या. नाही, तुझ्या मेंदूत फॉल्ट नाही. या मुली अभ्यासात, खेळात, नाचात इतरांसारख्याच असतात. तू काही चुकीचं केलं नाहीस, चुकीची बसली नाहीस, तुझ्या आईनेही काही चुकीचं केलं नाही. पोहणं सुरू ठेव, पोहताना ब्रेस काढतात.

आणि पुढच्या एक्स-रेबद्दल, कारण तो माझ्या खात्यात येतो. तो उभ्याने काढायचा, चपला काढून, आणि पाठीकडून पुढे किरणं जातील असा, म्हणजे कोवळ्या छातीला किरणं कमी लागतात. ब्रेस लावून एक काढतील, त्यात बाक किती सुधारतो ते दिसतं. पुढे ब्रेसशिवाय काढायचा असेल तर किती तास आधी ब्रेस काढून ठेवायचा ते डॉक्टरांना विचारा आणि दर वेळी तेवढेच तास पाळा. जुनी फिल्म सोबत न्या. एकाच एक्स-रेवर दोघांनी कोन मोजला तरी तीन-चार अंशांचा फरक पडतो, त्यामुळे २७ चे २९ झाले म्हणून घाबरू नका. शक्य असेल तर दोन्ही फिल्म एकाच व्यक्तीकडून, एकाच बैठकीत, त्याच मणक्यांवर रेघा ओढून मोजून घ्या.